थोडक्या खर्चातला रहस्यपट

‘पुढं काय झालं?’ हे तीन शब्द फार जुने आहेत. पहिल्या आजीनं पहिल्या नातवाला गोष्ट सांगायला घेतली, त्याच रात्री ते जन्माला आले असावेत. गोष्ट सांगता सांगता आजी मध्येच थांबते, चूल सारखी करते, पदरानं कपाळ पुसते, आणि नातू अंथरुणात उठून बसतो. आजीजवळ ना पैसा, ना पडदा, ना वाजंत्री. तिच्याजवळ एकच गोष्ट असते: नातवाला ठाऊक नसलेली एक हकिगत, आणि ती केव्हा सांगायची याचा अधिकार. रहस्यकथेचे सारे भांडवल एवढेच. आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या भांडवलावर उभ्या राहिलेल्या एका धंद्याविषयी, आणि माझ्या मते एका कलेविषयीही. ती कला म्हणजे थोडक्या खर्चात काढलेला रहस्यपट. त्यातही चित्रपटगृहाचे तोंड न पाहता थेट व्हिडिओच्या फितीवरून घरोघरी पोचलेला रहस्यपट.

आता कोणी म्हणेल, हा विषय आमच्या शाळेत आणि चावडीवर कशाला? त्याचे उत्तर शेवटी देईन. रहस्याची गोष्ट करायची तर उत्तर आधी सांगून कसे चालेल?

प्रथम, रहस्य म्हणजे काय ते पाहू. दचकणे निराळे आणि जीव टांगणीला लागणे निराळे. प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा फरक समजावताना टेबलाखाली ठेवलेल्या बाँबचे उदाहरण देत असत. आपण त्याला गावचा वेष चढवू. पारावर चार माणसे पावसापाण्याच्या गप्पा मारीत बसली आहेत. एकाएकी घोंगडीखालून साप निघतो. आपण दचकतो, क्षणभर काळीज धडधडते आणि संपते. आता तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगू. साप घोंगडीखाली शिरताना आपण आधीच पाहिला आहे. माणसांनी मात्र पाहिलेला नाही. ती येतात, त्याच घोंगडीवर टेकतात, पावसापाण्याच्या त्याच गप्पा सुरू होतात. एकजण म्हणतो, ‘निघतो आता,’ दुसरा त्याला हात धरून बसवतो, ‘बस की रे, चहा येतोय.’ पाहा, गप्पा त्याच, माणसे तीच, सापही तोच. पण आता त्या कंटाळवाण्या गप्पांतला शब्द न् शब्द आपल्याला टोचू लागतो. पहिल्या प्रकारात धक्का मिळाला एका क्षणाचा. दुसऱ्यात दहा मिनिटे श्वास अडकून राहिला. आणि या दुसऱ्या प्रकाराला जास्तीचा खर्च किती आला? एक पैसाही नाही. फक्त माहिती कोणाला आधी द्यायची, एवढा क्रम बदलला.

ही बाब मुद्दाम सांगितली, कारण थोडक्या खर्चात काम करणाराला रहस्यपट का परवडतो याचे मर्म इथेच आहे. पौराणिक चित्रपटाला दरबार लागतो, ऐतिहासिकाला घोडे आणि फौजफाटा लागतो. रहस्यपटाला एक बंगला, चार-पाच माणसे, एक बंद दार आणि दाराबाहेर वाजलेले पाऊल पुरते. रेडिओवर तर बंगलाही लागत नाही. आपले पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. कुठल्याही नभोवाणी केंद्रावर रहस्याची श्रुतिका करायची तर किंचाळणारे दार, जिन्यावरची पावले आणि मध्ये सोडलेली शांतता एवढ्यावर काम भागते. उरलेला बंगला श्रोता आपल्या मनात बांधून घेतो, आणि तो कोणत्याही स्टुडिओतल्या बंगल्याहून भयाण असतो.

आता खर्चाचा हिशेब थोडा मांडू. शिक्षक मंडळींना हे गणित वर्गातही घालता येईल. जुन्या काळी चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर घेत. दर सेकंदाला २४ चित्रे, आणि फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट फिल्म हवी. पण हे झाले शेवटी पडद्यावर दिसणाऱ्या फिल्मचे माप. नट संवाद विसरला, ढग आडवा आला, कुत्रे भुंकले, की तेवढी फिल्म वाया. त्यामुळे प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट फिल्म खर्ची पडे. शिवाय ती रसायनशाळेत धुवायची, आणि मग प्रत्येक चित्रपटगृहासाठी एकेक प्रत काढायची. निर्मात्याचे निम्मे आयुष्य या फुटांच्या हिशेबात जाई. म्हणूनच काटकसर करणारा निर्माता एका घरात, थोड्या पात्रांत आणि थोड्या दिवसांत संपेल अशी गोष्ट शोधी, आणि ती बहुधा रहस्याची निघे. हिचकॉक यांचा ‘सायको’ हा १९६० सालचा चित्रपट जगभर गाजला. तो त्यांनी मुद्दाम कृष्णधवल रंगात, दूरचित्रवाणीच्या मालिकांवर काम करणारी माणसे घेऊन, सुमारे आठ लाख डॉलरांत काढला होता. मोठ्या हॉलिवुडपटांच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ. आपल्याकडे यश चोप्रा यांनी १९६९ साली ‘इत्तेफाक’ काढला, तो जवळजवळ एका घरात आणि एका रात्रीत घडणारा, एकही गाणे नसलेला. तोही असाच झटपट पुरा केलेला होता.

मराठी माणसाला रहस्याची गोडी चित्रपटाने लावली असे मात्र नव्हे. ती लावली पुस्तकांनी. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी तीन पिढ्या रात्री जागवल्या. त्यांची संख्या हजाराच्या वर जाते. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ज्यांनी ऐकली नाहीत असे त्या पिढीतले वाचक विरळाच. क्रमिक पुस्तकाच्या आत अर्नाळकरांचे पुस्तक लपवून वाचणाऱ्या मुलांना गुरुजींचा मार बसे, आणि जप्त केलेले पुस्तक कधी कधी गुरुजीच घरी नेऊन संपवीत, असेही ऐकिवात आहे. गमतीचा भाग सोडला तरी एक गोष्ट खरी की, सरळसोट मराठी गद्य भराभर वाचण्याची सवय कित्येकांना या स्वस्त पुस्तकांनी लावली. ‘स्वस्त’ या शब्दाला आपण उगीच नाक मुरडतो.

पडद्यावर मराठी रहस्यपटाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते १९६४ सालच्या ‘पाठलाग’चे. राजा परांजपे यांनी तो दिग्दर्शित केला. जयंत देवळेकरांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्यात डॉ. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या भूमिका होत्या. गोष्टीची मांडणी पाहा. एका नामवंत वकिलाची पत्नी वारते. पुढे पोलिस एका गुन्हेगार स्त्रीला पकडतात, ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि ‘मी तुमचीच पत्नी’ असे म्हणते. वकील तिला खोटी ठरवायला उभा राहतो. पण नवराबायकोवाचून कोणाला ठाऊक नसतील अशा गोष्टी ती भर न्यायालयात सांगू लागते. ती कोण, हे काही मी सांगणार नाही. रहस्य फोडण्याचे पाप आकाशवाणीवरून करू नये! पण एवढे ध्यानात घ्या: इथे पिस्तुलांचा आवाज नाही, आगगाड्यांची टक्कर नाही. एक माणूस प्रश्न विचारतो आहे आणि एक स्त्री उत्तरे देते आहे, आणि आपला जीव टांगणीला लागला आहे. या गोष्टीवर राज खोसला यांनी १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ काढला, आणि त्याआधी १९६५ साली ती तमिळमध्येही गेली. मराठी मातीतली एक कल्पना अशी दोन भाषांत जाऊन नांदली. पुढे १९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. वाडा, शेत, रात्र आणि मनातली भीती. त्यालाही मराठी प्रेक्षकाने आपलेसे केले.

याच सुमारास हिंदीत रामसे बंधूंनी काटकसरीची निराळीच तऱ्हा काढली. १९७२ सालचा त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ हा भयपट त्यांनी आपल्या महाबळेश्वरी जाऊन चित्रित केला. स्टुडिओ भाड्याने घ्यायचा नाही; एखादे विश्रामगृह घ्यायचे, सगळ्या मंडळींनी तिथेच राहायचे, जेवायचे आणि तिथल्याच खोल्यांतून, जिन्यांवरून चित्रीकरण करायचे. भाऊ भाऊच कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन सांभाळीत. धुके महाबळेश्वर फुकट देई. आता भयपट आणि रहस्यपट हे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत भाऊ आहेत. पण स्वयंपाकघर दोघांचे एकच.

आता येऊ व्हिडिओकडे. जपानमध्ये १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस या पद्धतीच्या फिती निघाल्या. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले, आणि पाठोपाठ व्हीसीआर नावाचे यंत्र शहरांतून तालुक्यांत, तालुक्यांतून खेड्यांत शिरले. तोवर खेड्यात सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. आता तरुण मंडळे वर्गणी काढू लागली. तालुक्याच्या गावाहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, गणपतीच्या मंडपात टेबलावर टेबल रचून तो ठेवायचा आणि एका रात्रीत तीन तीन चित्रपट पाहायचे. भाडे रात्रीचे असे, तेव्हा झोपून कसे चालेल? मध्येच वीज जाई, आणि खुनी कोण हे कळायच्या ऐन वेळी सारा मांडव काळोखात बसून राही. त्या काळोखात खरा रहस्यपट सुरू होई. जो तो आपापला खुनी सांगू लागे.

या नव्या गिऱ्हाइकाकडे पाहून काहींना वाटले, चित्रपटगृहाची पायरी न चढता थेट फितीसाठीच चित्रपट का काढू नये? मुंबईत मासिकांचे प्रकाशक नारी हिरा यांनी १९८० नंतरच्या त्या दशकात ‘हिबा’ या नावाने असे व्हिडिओ-चित्रपट काढले. त्यांत गुन्हा, संशय, फसवणूक यांच्या गोष्टींचा भरणा असे. पुढे हिंदी पडद्यावर आलेल्या आदित्य पांचोलींसारख्या नटाची सुरुवात अशाच चित्रपटांत झाली. फिल्मचे फूट मोजायचे नव्हते, शंभर ठिकाणी शंभर प्रती पाठवायच्या नव्हत्या. फीत चुकली तर पुसून पुन्हा वापरता येई. कागदावर हा हिशेब मोठा सुरेख दिसत होता.

मग तो धंदा टिकला का नाही? कारणे दोन. पहिले कारण चोरीचे. जी फीत सहज उतरवता येते ती सहज चोरताही येते. एक कॅसेट विकली की तिच्या दहा नकला गल्लीत फिरत. सरकारने १९८४ साली लेखनाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओच्या चोरीला शिक्षा कडक केली. पण दोन यंत्रे एका तारेने जोडून रातोरात नक्कल करणाऱ्या दुकानापर्यंत कायद्याचे हात क्वचितच पोचत. दुसरे कारण तांत्रिक आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. रहस्यपटाचा जीव अंधारात असतो, आणि त्या काळच्या व्हिडिओला अंधार पाहता येत नसे. फिल्मवर काळोखाच्याही दहा छटा उमटत. फितीवर सगळा एकच काळा चिखल होई आणि त्यावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसत. म्हणून व्हिडिओवाले सगळीकडे भगभगीत दिवे लावीत. खुन्याच्या खोलीतही लग्नघरासारखा उजेड! मग भीती कशी वाटावी? थोडक्यात, पैसा वाचला. पण ज्या एका गोष्टीवर रहस्य चालते, म्हणजे काय दाखवायचे आणि काय झाकायचे, तीच हातची गेली. स्वस्त वस्तू घेताना कुठली काटकसर चालते आणि कुठली चालत नाही, याचा हा चांगला धडा आहे.

पण व्हिडिओच्या कॅमेऱ्याने एक मोठी गोष्ट केली. त्याने चित्रपट काढण्याची परवानगी सामान्य माणसाला दिली. आपल्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या, छोटे धंदे करणाऱ्या मित्रांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. ती होती मूळ चित्रपटाची थट्टा, रहस्यपट नव्हे. पण काटकसर कशी करावी ते त्यांच्याकडून शिकावे. कॅमेरा पुढे सरकवायला रूळ नाहीत? बसवा सायकलवर. उंचावरून चित्र घ्यायचे? बैलगाडीची धाव वर करा आणि कॅमेरावाल्याला तिच्यावर बसवा. त्यांच्या पुढच्या चित्रपटाच्या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि जगाने तो कौतुकाने पाहिला. २०२५ साली रीमा कागती यांचा मोठा हिंदी चित्रपटही याच मंडळींच्या कहाणीवर आला. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसांनी आपल्या गावासाठी आपल्या बोलीत चित्रपट काढला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि आमचे पुणे? पुण्याचा या कहाणीशी संबंध शाळेसारखा आहे. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. तिचे दिवस संपल्यावर त्याच जागी, विधि महाविद्यालय रस्त्यावर, १९६० साली सरकारी फिल्म संस्था उभी राहिली. तिथे शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या परीक्षेसाठी थोडक्या फिल्ममध्ये, थोडक्या दिवसांत एक छोटा चित्रपट करून दाखवावा लागे. म्हणजे काटकसर हा तिथला अभ्यासक्रमच म्हणा ना! पुण्यातच वाढलेले श्रीराम राघवन यांनी तिथे १९८७ साली ‘द एट कॉलम अफेअर’ नावाचा छोटा चित्रपट केला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या छायाचित्रातला धावपटू शेवटच्या पानावरच्या तरुणीच्या ओढीने मधली सारी पाने, साऱ्या बातम्या ओलांडत धावत सुटतो. आणि आजचे वर्तमानपत्र उद्या रद्दी होणार! घड्याळ पुढे आणि माणूस मागे, हे रहस्याचे जुनेच हत्यार त्यांनी केवढ्या साध्या कल्पनेत वापरले पाहा. हेच राघवन पुढे रहस्यपटांचे दिग्दर्शक म्हणून नावाजले. २०१८ सालचा त्यांचा ‘अंधाधुन’ पुण्यातच घडतो. त्याचे बीज एका फ्रेंच लघुपटात होते. त्यात आंधळ्याचे सोंग घेतलेला वादक एका घरात पियानो वाजवायला जातो आणि न पाहायचे ते पाहतो. पाहिले हे कोणाला सांगता येत नाही, कारण तो तर आंधळा! घोंगडीखालचा साप तो हाच. वादकाला तो दिसतो, आपल्याला तो दिसतो, आणि तरी गप्पा चालूच ठेवाव्या लागतात.

त्याच रस्त्यावर आणखी एक वास्तू आहे. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी ते आपल्या कष्टाने उभे केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे शोधून आणणारे, जुन्या पेट्या उघडायला कुठल्या कुठे जाणारे असे ते गृहस्थ. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांपैकी आज हाती उरलेले चाळीससुद्धा नाहीत. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून आणखी किती रिळे गेली. नावाजलेल्या चित्रपटांची ही गत, तर थेट फितीवर निघालेल्या स्वस्त चित्रपटांना कोण विचारतो? आणि फितीचे आयुष्य फिल्मपेक्षाही थोडे. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, चुंबकाचा लेप सुटतो. आणि ती चालवणारी नवी यंत्रेही निघायची थांबली. ती बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ साली ती बनवणे थांबवले.

म्हणून श्रोत्यांना एक व्यावहारिक सूचना. आपल्या घरी, मंडळाच्या कपाटात, शाळेच्या माळ्यावर अशा फिती असतील. गावच्या जत्रेच्या असतील, शाळेच्या नाटकाच्या असतील, गावातल्याच पोरांनी केलेल्या एखाद्या खटाटोपाच्या असतील. त्या रद्दीत देऊ नका. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कोरड्या जागी ठेवा. लाउडस्पीकर आणि विजेच्या मोटारीपासून लांब ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात मुळीच घालू नका; एकीची बुरशी दुसरीला लागते. त्यावर गाव, साल आणि विषय लिहून ठेवा, आणि शहरात एखाद्या जाणत्याकडून तिची संगणकावर नक्कल करून घ्या. आज हलके वाटणारे काम उद्या गावाचा इतिहास ठरते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. असले चित्रपट पाहून मुले बिघडत नाहीत का? त्यांचा चावडीशी नि शाळेशी संबंध काय?

वाईट रहस्यपट असतात, यात शंका नाही. त्यांची ओळख सोपी आहे. शेवटच्या पाच मिनिटांत आजवर न दिसलेला माणूस पुढे करून ‘हा खुनी’ म्हणणारा चित्रपट वाईट. त्याने प्रेक्षकाला फसवले. चांगल्या रहस्यपटात सगळे पुरावे आपल्या डोळ्यांसमोरून गेलेले असतात. आपणच ते पाहिले नाहीत एवढेच. दुसरी खूण अशी की, वाईट चित्रपट जखमेकडे टक लावून पाहतो, चांगला चित्रपट माणसाकडे पाहतो. पुण्याने १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर प्रकरणात खऱ्या खुनांची दहशत सोसली आहे. संध्याकाळ झाली की दारे बंद होत. ते सारे पुढे पडद्यावरही आले. राजदत्त यांचा १९८६ सालचा ‘माफीचा साक्षीदार’ त्याच प्रकरणावर आधारलेला होता. अशा ठिकाणी चित्रपट काढणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर दोघांवर जबाबदारी येते. ज्यांच्या घरची माणसे गेली ती याच शहरात राहतात, हे विसरून चालत नाही.

पण चांगला रहस्यपट एक गोष्ट शिकवतो, आणि ती मला आज फार मोलाची वाटते. तो शिकवतो की, ज्याच्यावर पहिला संशय येतो तो बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो. अनोळखी चेहरा, मळका वेष, अडखळत दिलेले उत्तर, यांवरून आपण ठरवून मोकळे होतो. आणि गोष्ट आपल्याला दाखवून देते की, आपण चुकलो. ‘पाठलाग’मधल्या वकिलाची पुरी खात्री असूनही त्याला प्रश्न विचारावे लागतात, उत्तरे ऐकून घ्यावी लागतात, पुरावा पाहावा लागतो.

श्रोते हो, १ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी बाजाराच्या गावी आले. अनोळखी चेहरे, परका वेष. जमावाने विचारपूस केली नाही, उत्तर ऐकले नाही. पाचही जणांना ठार मारले. ती माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती, पोटासाठी हिंडत होती. मूल कोणाचेही हरवले नव्हते. म्हणजे गुन्हाच घडला नव्हता, आणि शिक्षा मात्र होऊन गेली.

अशा वेळी एकानेही जर विचारले असते, ‘मूल कोणाचं हरवलं? कोणी पाहिलं? केव्हा पाहिलं? तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी?’ हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ते रहस्यकथेतला साधा गुप्तहेर रोज विचारतो. नुसत्या रहस्यपटाने जमाव शहाणा होईल, असे मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारण्याची सवय लहानपणी लागते, आणि ती गोडीगोडीने लावायला रहस्याच्या गोष्टीसारखे साधन नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक खेळ सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांचे पाच-पाचांचे गट करा. अट अशी: एक खोली, तीन पात्रे, एक हरवलेली वस्तू. समजा, शाळेची घंटा हरवली! गोष्ट पाच मिनिटांची. पहिला संशय चुकीच्या माणसावर यायला हवा, आणि खरे उत्तर देणारा पुरावा पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांसमोर दिसून गेला पाहिजे. मुले ती आधी लिहून काढतील, मग बसवतील. कोणाच्या घरी कॅमेऱ्याचा मोबाइल असेल तर चित्रितही करतील. आज त्याला फिल्मचे फूट मोजावे लागत नाहीत, आणि मालेगावच्या सायकलीचा कित्ता समोर आहेच. एवढी काळजी मात्र घ्या: विहिरीच्या काठावर, रुळांवर, गच्चीच्या कठड्यावर काही करू देऊ नका, आणि गावातल्या कोणा खऱ्या माणसाची जात, व्यंग किंवा गरिबी चोराच्या पात्राला चिकटवू देऊ नका. गोष्ट संपली की वर्गाला एकच प्रश्न विचारा, ‘तुम्हाला पहिला संशय कोणाचा आला, आणि का आला?’ त्या ‘का’वर जी चर्चा होईल, ती त्या तासाची खरी कमाई.

पैसा थोडा असला की माणसाला दोनच वाटा असतात. एक, श्रीमंताची नक्कल करायची. ती नेहमी केविलवाणी होते. दुसरी, जे फुकट मिळते त्याचा नीट उपयोग करायचा: धुके, काळोख, शांतता, आणि समोरच्या माणसाची उत्सुकता. थोडक्या खर्चातला चांगला रहस्यपट या दुसऱ्या वाटेने गेला, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. शाळेकडे आणि खेड्याकडे पैसा कधीच फार नव्हता. उत्सुकता मात्र उदंड आहे. तिला चांगला प्रश्न देऊ या.